विश्लेषण : शवासन, योगनिद्रा, व्हिज्युअलायझेशन... उतारवयात खरोखर उपयोग किती?

‘डोळे मिटा, श्वास सावकाश सोडा आणि कल्पना करा, तुम्ही एका शांत तळ्याकाठी बसला आहात...’ अशी सुरुवात असलेल्या ध्वनिफिती हल्ली ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज फिरतात. कुठे झोप लागण्याचा दावा असतो, कुठे गुडघेदुखी कमी होण्याचा, तर कुठे थेट रक्तदाबाची गोळी सुटण्याचा. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा ‘जागतिक ध्यान दिवस’ म्हणून जाहीर केल्यापासून अशा कार्यक्रमांना आणखी निमित्त मिळाले आहे. ही पद्धत निव्वळ मनाचे समाधान आहे, की तिला वैद्यकीय आधार आहे? आणि आधार असेल तर तो कशासाठी आहे, कशासाठी नाही?

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढच्या नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या ‘इंडिया एजिंग रिपोर्ट’नुसार २०५० पर्यंत देशातील दर पाच व्यक्तींमागे एक जण साठीपुढचा असेल. याच संस्थेने केलेल्या ‘लासी’ या सर्वेक्षणाचा पहिला अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या साडेसात कोटी लोकांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार असल्याचे आणि दर पाच ज्येष्ठांपैकी एकाला मानसिक आरोग्याशी संबंधित तक्रार असल्याचे त्यातून पुढे आले.

या आकड्यांमागे रोजचे जगणे आहे. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी अशा दोन-तीन आजारांच्या गोळ्या आधीच सुरू असतात. त्यात रात्री झोप लागत नाही, म्हणून आणखी एक गोळी येते. काही दिवसांसाठी दिलेली ही झोपेची गोळी पुढे वर्षानुवर्षे सुरूच राहते. म्हणून औषधाविना झोप, वेदना आणि चिंता यांवर काही करता येते का, हा प्रश्न ज्येष्ठांसाठी केवळ कुतूहलाचा राहत नाही.

गाइडेड व्हिज्युअलायझेशन म्हणजे नेमके काय?

यात दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे शरीर शिथिल करणे. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेत तो सैल सोडायचा किंवा आधी स्नायू हलका आवळून मग सोडायचा. दुसरी म्हणजे कल्पनाचित्र. मार्गदर्शकाच्या किंवा ध्वनिफितीच्या आवाजाबरोबर एखादी शांत, ओळखीची जागा मनात उभी करायची. ती केवळ ‘पाहायची’ नाही, तर तिथला वारा, वास, आवाज, पायाखालची माती हे सगळे आठवायचे.

ध्यान, योगनिद्रा, शवासन आणि व्हिज्युअलायझेशन हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात, पण ते एक नाहीत. शवासनात मुख्य भर शरीर सैल सोडण्यावर असतो. योगनिद्रेत शरीरभर लक्ष फिरवणे, श्वास, संकल्प आणि कल्पनाचित्रे असा ठरलेला क्रम असतो. माइंडफुलनेस प्रकारच्या ध्यानात काहीही कल्पायचे नसते. जे घडते आहे ते फक्त पाहायचे असते. हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण एका पद्धतीवर झालेल्या संशोधनाचा दाखला दुसऱ्या पद्धतीच्या जाहिरातीत सर्रास दिला जातो.

ही पद्धत आली कुठून?

पाश्चात्त्य वैद्यकात शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हे पुस्तक लिहिले. स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याची त्यांची पद्धत आजही वापरात आहे. जर्मनीत योहानेस शुल्त्स यांनी १९३२ मध्ये ‘ऑटोजेनिक ट्रेनिंग’ मांडले. हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांच्या १९७५ च्या ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ या पुस्तकाने हा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला. भारतात योगनिद्रेचे आजचे रूप मुंगेरच्या बिहार स्कूल ऑफ योगाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी घडवले.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम संस्था स्थापन केली आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. काही रुग्णांचा रक्तदाब उतरला, तर काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली, असे त्यात नोंदले होते. त्यानंतर लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक यांची जोड देऊन असेच प्रयोग केले. ते १९७३ आणि १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे आज परदेशी ॲपमधून परत आलेल्या या पद्धतीची सुरुवातीची वैद्यकीय तपासणी मुंबईतही झाली होती.

शरीरात काय घडते?

चिंचेचे नुसते नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटते. समोर चिंच नसते, तरी शरीर प्रतिसाद देते. कल्पनाचित्राचे तत्त्व हेच आहे. एखादी गोष्ट प्रत्यक्ष पाहताना मेंदूचे जे भाग काम करतात, त्यांपैकी बरेच भाग ती मनात आणतानाही काम करतात.

ताण आला की शरीर धोक्याला तोंड देण्याच्या तयारीत जाते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, श्वास उथळ होतो. खरा धोका टळल्यावर ही तयारी ओसरायला हवी. पण सततची काळजी, दुखणे किंवा एकटेपणा असेल तर ती पूर्ण ओसरत नाही. श्वास, विशेषतः उच्छ्वास, लांबवला आणि स्नायू सैल सोडले की याच्या उलट काम करणारी पॅरासिम्पथेटिक चेतासंस्था पुढे येते. ठोके मंदावतात, स्नायूंचा ताण उतरतो. वेदनेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. लक्ष दुसरीकडे गुंतल्याने आणि भीती कमी झाल्याने तेच दुखणे कमी बोचते. सांध्याची झीज तशीच राहते, बदलतो तो वेदनेचा अनुभव.

झोपेबाबत पुरावा काय सांगतो?

ज्येष्ठांच्या बाबतीत सर्वांत आश्वासक पुरावा झोपेविषयी आहे. बेंगळूरुमधील संशोधकांनी एका वृद्धाश्रमातील ६९ जणांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने आसने, श्वसन आणि शिथिलीकरण करणाऱ्या गटाला झोप लागायला सुमारे १० मिनिटे कमी लागू लागली आणि एकूण झोप सुमारे तासाभराने वाढली. मात्र या गटाने सगळे एकत्र केले होते. त्यामुळे यश नेमके शिथिलीकरणाचे की व्यायामाचे, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. शिवाय झोपेची नोंद सहभागींनी स्वतः सांगितलेली होती.

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये झोपेची तक्रार असलेल्या ५५ वर्षांपुढील ४९ जणांवर सहा आठवड्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आले. माइंडफुलनेस शिकलेल्या गटाची झोप केवळ झोपेच्या सवयींची माहिती मिळालेल्या गटापेक्षा अधिक सुधारली. पण ही पद्धत कल्पनाचित्राची नव्हती आणि संख्याही लहान होती.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपाय औषध नसून ‘सीबीटी-आय’ ही मानसोपचार पद्धत असावी. शिथिलीकरण हा तिचा एक भाग असतो. इतर भागही तितकेच महत्त्वाचे असतात. रोज ठरल्या वेळी उठायचे, झोप येईल तेव्हाच अंथरुणात जायचे, दुपारची लांब डुलकी टाळायची. दुपारी दोन तास झोपून रात्री ध्वनिफीत लावली, तर दोष ध्वनिफितीला देता येणार नाही.

सांधेदुखी आणि अर्धांगवायूत उपयोग होतो का?

गुडघेदुखीसारख्या संधिवातावर थेट याच पद्धतीचा एक छोटा अभ्यास अमेरिकेत झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २८ वृद्ध महिला होत्या. त्यांपैकी काहींनी १२ आठवडे स्नायूंचे शिथिलीकरण आणि कल्पनाचित्र यांची ध्वनिफीत ऐकली. त्यांचे दुखणे आणि हालचालीतील अडचण दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. निष्कर्ष उत्साहवर्धक असला तरी २८ जणींवरून सर्वांसाठी नियम ठरवता येत नाही.

अर्धांगवायूनंतरच्या फिजिओथेरपीत कल्पनेचा वापर वेगळ्या रीतीने होतो. इथे शांत तळे नसते. अधू हाताने पेला उचलतो आहोत, गुंडी लावतो आहोत, अशी हालचाल मनात पुन्हा पुन्हा करायची असते. कॉक्रेन या संशोधन जाळ्याने २०२० मध्ये अशा २५ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत मिळून ६७६ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना ही जोड दिल्यास हाताच्या हालचालीत सुधारणा होण्याची शक्यता आढळली. इथेही शब्द ‘जोड’ असाच आहे. मनातला व्यायाम हा प्रत्यक्ष व्यायामाची जागा घेत नाही.

रक्तदाबाची गोळी बंद करता येते का?

नाही. सर्वाधिक दावे आणि सर्वाधिक धोका याच ठिकाणी आहे. कॉक्रेनच्या २००८ च्या आढाव्यात रक्तदाब आणि शिथिलीकरणावरील २५ चाचण्या तपासल्या गेल्या. सरासरी वरचा रक्तदाब साडेपाच आणि खालचा साडेतीन अंकांनी कमी झाल्याचे दिसले. पण अनेक चाचण्यांचा दर्जा निकृष्ट होता. ज्या चाचण्यांत दुसऱ्या गटालाही उपचारासारखे काहीतरी दिले होते, तिथे हा फरक ठामपणे टिकला नाही. आढाव्याने एकूण पुरावा कमकुवत ठरवला.

म्हणजे १९६९ च्या मुंबईतील प्रयोगाने उभी केलेली आशा पूर्ण खोटी ठरली नाही, पण तिची मर्यादा स्पष्ट झाली. रक्तदाब १७० असलेल्या व्यक्तीला चार-पाच अंकांची घट पुरत नाही. शिवाय रक्तदाब बहुधा काही जाणवू न देता वाढलेला असतो. ‘छान शांत वाटते आहे’ हा रक्तदाब आटोक्यात असल्याचा पुरावा नव्हे. मोजमाप सुधारले असेल तर औषध कमी करायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतील. ध्वनिफीत बनवणाऱ्याला ते ठरवता येत नाही. मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोगालाही हेच लागू आहे. कर्करोगाच्या रुग्णाला चिंता आणि मळमळ सोसायला या पद्धतीची मदत होऊ शकते, पण गाठ कल्पनेने विरघळत नाही.

मग झोपेच्या गोळ्यांचे काय?

अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या ‘बिअर्स क्रायटेरिया’ या यादीत ६५ वर्षांपुढील व्यक्तींना शक्यतो देऊ नयेत अशी औषधे दिलेली असतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम यांसारखी बेन्झोडायझेपिन औषधे आणि झोल्पिडेमसारख्या गोळ्या त्या यादीत आहेत. उतारवयात ही औषधे शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. रात्री लघवीला उठताना तोल जाणे, पडून खुब्याचे हाड मोडणे, गोंधळलेपण, विसराळूपणा हे त्यांचे धोके आहेत. भारतात अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि झोल्पिडेम ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते.

शिथिलीकरणाचा खरा फायदा इथे होऊ शकतो. मात्र ‘आजपासून गोळी बंद, उद्यापासून योगनिद्रा’ हा मार्ग धोक्याचा आहे. बरीच वर्षे घेतलेली अशी गोळी एकदम थांबवली तर झोप पूर्ण उडते, घबराट वाढते आणि काहींना झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवत नेणे आणि त्या काळात शिथिलीकरणाची सवय लावणे, हा सुरक्षित क्रम आहे.

कोणी सावध राहावे?

पद्धत तुलनेने निर्धोक आहे, पण सर्वांसाठी सारखी नाही. काहींना शरीर सैल सोडताच उलट घाबरल्यासारखे होते. नुकताच जोडीदार गमावलेल्या व्यक्तीला डोळे मिटताच तोच चेहरा समोर येऊ शकतो. अशा वेळी डोळे उघडे ठेवून, एखाद्या वस्तूकडे पाहत फक्त श्वासावर लक्ष देणे बरे. भास होणे, संशय येणे अशा आजारांचा इतिहास असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे करू नये. पुढच्या टप्प्यातील स्मृतिभ्रंशात लांबलचक सूचना समजत नाहीत. तिथे ओळखीचे संगीत किंवा हातात हात घेऊन बसणे अधिक उपयोगी ठरते. काही माणसांच्या मनात चित्र उमटतच नाही. त्यांच्यासाठी आवाज, स्पर्श किंवा श्वास हा आधार घ्यावा.

काही लक्षणे मात्र शिथिलीकरणाने दाबू नयेत. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घाम, थरथर आणि धडधड होत असेल, तर ती चिंता नसून साखर उतरल्याची खूण असू शकते. आधी साखर तपासावी. छातीत दुखणे, अचानक धाप लागणे, तोंड वाकडे होणे किंवा हातातली शक्ती जाणे, अशा वेळी डोळे मिटून पडून न राहता तातडीने रुग्णालय गाठावे. मोठे घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, प्रोस्टेटमुळे वारंवार उठावे लागणे किंवा नैराश्य ही झोपमोडीची कारणे असतील, तर मूळ कारणावर उपचार हवेत.

घरी करायचे तर कसे?

वेळ १० ते १५ मिनिटांची पुरते. जमिनीवर झोपायलाच हवे असे नाही. पाठ टेकणाऱ्या, हात असलेल्या खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसावे. धाप लागणाऱ्यांना आणि जळजळीचा त्रास असणाऱ्यांना हेच सोयीचे. स्नायू आवळताना श्वास रोखू नये आणि दुखरा सांधा आवळू नये. तो फक्त सैल सोडावा. मग पावलांपासून वर लक्ष नेत जावे. कल्पनाचित्र स्वतःचे असावे. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही, त्याला समुद्रकिनाऱ्याची ध्वनिफीत परकी वाटते. त्याला माहेरची ओसरी, शेतातली विहीर, वारीतली पहाट किंवा दादरच्या चाळीतली गॅलरी अधिक लवकर दिसेल. संपल्यावर झटकन उठू नये. हातपाय हलवून, मिनिटभर बसून मग उभे राहावे, कारण रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

फरक एका रात्रीत दिसत नाही. चाचण्यांत लोकांनी सहा ते बारा आठवडे सराव केला होता. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी श्रवणयंत्र, स्पष्ट आणि संथ आवाज, मागे कमी संगीत हवे. घरातल्या कुणी आपल्याच आवाजात मराठीतून सूचना ध्वनिमुद्रित करून दिल्या, तर त्यालाही पैसे पडत नाहीत.

व्यवस्थेत याला जागा कुठे?

सत्तर वर्षांपुढील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत आणले गेले. पण ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. झोप किंवा चिंतेसाठी आठवड्याला एकदा समुपदेशकाकडे जाण्याचा खर्च त्यात बसत नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगाची सत्रे होतात. मात्र गुडघे दुखणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा घरात एकट्या असलेल्या ज्येष्ठापर्यंत ती पोहोचणे अवघड असते. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही आणि ज्येष्ठांसाठी ‘एल्डरलाइन’ची १४५६७ ही हेल्पलाइन उपलब्ध आहे.

महाराष्ट्राकडे एक तयार जाळे आहे, ते ज्येष्ठ नागरिक संघांचे. विरंगुळा केंद्रात आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली अर्धा तास शिथिलीकरण आणि त्याच बैठकीत रक्तदाबाची मोजणी, एवढे करायला मोठा निधी लागत नाही. मोजणीमुळे खोट्या दाव्यांनाही आळा बसेल. सत्रांना माणसे एकत्र येतात, हा स्वतंत्र फायदा आहे. कानात इयरफोन घालून एकट्याने ऐकलेल्या ध्वनिफितीतून तो मिळत नाही.

एकंदरीत, या पद्धतीने झोप थोडी सुधारू शकते, दुखणे थोडे सुसह्य होऊ शकते, चिंता उतरू शकते. औषधाच्या जोडीला ही पद्धत उपयोगी आहे, औषधाच्या जागी ती आणली की घात होतो. त्यामुळे पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर अशी ध्वनिफीत आली तर ती ऐकायला हरकत नाही. पण तिच्यात कुठे ‘गोळ्या बंद करा’ असे सांगितले असेल, तर ती पुढे पाठवू नये.